बैठक चुकते कुठे?

हिंगणीहून बोर धरणाकडे जाणारा रस्ता पहाटे पोलीस भरतीच्या पोरांचा असतो. धावून झाले की रस्त्याच्या कडेला घोळका जमतो आणि बैठका सुरू होतात. एक जण मोठ्याने मोजतो, बाकीचे खाली-वर होतात. शंभर झाल्या की थोडा दम, मग पुन्हा शंभर. त्यातच कुणीतरी टूम काढतो आणि जोडीदाराला खांद्यावर बसवून बैठका मारायच्या पैजा लागतात. हे चित्र एकट्या हिंगणीचे नाही. सेलू तालुक्यात, वर्धा जिल्ह्यात, अख्ख्या विदर्भात भरतीची जाहिरात निघाली की गावोगावी हेच दिसते. पोरांच्या मेहनतीत खोट काढायला जागा नाही. मात्र या घोळक्यात आकडा मोजणारा हमखास असतो, बैठक कशी चालली आहे हे बघणारा कुणी नसतो.

दोन-तीन महिन्यांत त्यातल्या काहींचे गुडघे दुखू लागतात. दुखणे बहुधा वाटीच्या भोवती असते, जिना उतरताना किंवा बराच वेळ बसून उठताना जास्त जाणवते. काहींची कंबर धरते. मग गावातला कुणी शहाणा सांगतो, 'बैठका मारल्या की गुडघे झिजतातच.' पोरगा बैठका सोडतो आणि भरतीला आवश्यक असलेली पायांची ताकदही त्याबरोबर जाते. त्याच घरात त्याच्या आईला वेगळ्याच निमित्ताने तोच सल्ला मिळालेला असतो: 'खाली बसू नका.' तिने निंदायला कसे जायचे आणि संडासला कसे बसायचे, हे त्या सल्ल्यात नसते. माझ्या मते हे दोन्ही सल्ले सोपे म्हणून दिले जातात. बैठकीत वाईट काही नाही. ती कशी मारली, किती ओझ्याने मारली आणि किती घाईने मारली, दुखणे बहुतेक वेळा तिथून येते.

आधी एक घोटाळा निस्तरायला हवा. आपण ज्याला बैठक म्हणतो ती आखाड्यातली बैठक आणि हल्ली मोबाइलवर दिसणारा 'स्क्वॉट' हे दोन वेगळे व्यायाम आहेत. आखाड्यातल्या बैठकीत खाली जाताना टाचा उचलल्या जातात, शरीर चवड्यांवर येते, हात झुलतात आणि एका लयीत माणूस खाली-वर होतो. तिच्यात ओझे नसते. तिचा हेतू दम, लय आणि मांड्यांची चिवटपणे टिकणारी ताकद हा असतो. कुस्तीला हेच लागते. स्क्वॉटमध्ये पाठीवर किंवा छातीशी वजन असते, टाचा जमिनीला चिकटलेल्या असतात आणि संख्या थोडी असते. पाच, आठ, फार तर बारा. दोन्ही आपापल्या जागी बरोबर आहेत. चूक होते ती दोहोंची खिचडी केल्यावर. पोरे टाचा उचलण्याची सवय आखाड्यातून घेतात, वजनाची हौस जिममधून घेतात आणि साठ किलोंचा मित्र खांद्यावर घेऊन चवड्यांवर खाली बसतात. त्या क्षणी सगळा तोल पंजाच्या पुढच्या इवल्याशा भागावर येतो आणि वरचे ओझे तर स्वतःच हलत असते. गुडघ्याने तक्रार केली तर नवल काय?

आपल्याकडे व्यायाम शिकवण्याची परंपरा नव्हती, असेही नाही. शेजारच्या अमरावतीत वैद्य बंधूंनी १९१४ मध्ये हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ सुरू केले. १९३६ च्या बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी या मंडळाच्या पथकाने तिथे कबड्डीसह भारतीय खेळांची प्रात्यक्षिके दाखवली. बडोद्याहून दत्तात्रय चिंतामण करंदीकर-मुजुमदार यांनी मराठीत व्यायाम ज्ञानकोशाचे दहा खंड काढले. या सगळ्या परंपरेत वस्ताद समोर उभा असे आणि चुकले की टोकत असे. आज आखाडे कमी झाले आणि वस्तादाची जागा मोबाइलने घेतली. मोबाइल दाखवतो, पण बघत नाही. गामा पैलवान रोज पाच हजार बैठका मारत असे, ही आख्यायिका प्रत्येक पोराला पाठ आहे. तो लहानपणापासून कित्येक वर्षे चढत चढत तिथवर गेला होता, त्याचे खाणे-झोपणे-मालिश सगळे त्या एका कामाला वाहिलेले होते, एवढा तपशील मात्र आख्यायिकेतून गळतो.

आता टाचेकडे येऊ. वजन घेऊन बैठक मारताना टाच उचलली जात असेल, तर बहुतेक जण 'टाच दाब, टाच दाब' एवढेच ओरडतात. टाच हट्टाने उठत नसते. घोटा पुढे वाकत नाही म्हणून ती उठते. खाली बसताना नडगी पुढे झुकावी लागते. घोटा अडला की शरीर तोल सांभाळण्यासाठी दोनच वाटा शोधते, एकतर टाच उचलते किंवा पाठ पुढे टाकते. घोटा किती वाकतो हे घरी तपासता येते. भिंतीकडे तोंड करून एक पाय पुढे ठेवा. पायाचा अंगठा भिंतीपासून साधारण १० सेंटिमीटरवर, म्हणजे अर्ध्या वितीवर असू द्या. टाच न उचलता गुडघा भिंतीला टेकतो का बघा. टेकला तर घोटा कामचलाऊ मोकळा आहे. नाही टेकला, तर जेवढ्या अंतरावर टेकतो तिथून सुरुवात करून रोज दोन्ही पायांनी पंधरा-वीस वेळा हेच करायचे. काही आठवड्यांत फरक पडतो. तोवर पाय खांद्यांपेक्षा थोडे रुंद ठेवा, पंजे १५ ते ३० अंश बाहेर वळवा आणि टाचांखाली बोटभर जाडीची फळी ठेवा. वेटलिफ्टरांच्या बुटांची टाच उंच असते ती याचसाठी. फळी घेण्यात कमीपणा नाही.

दुसरी चूक मला जास्त गंभीर वाटते. वर येताना गुडघे आत, एकमेकांकडे झुकतात. पहिल्या दहा बैठकांत हे दिसत नाही, तिसाव्या-चाळिसाव्याला दिसू लागते, कारण कुल्ह्याच्या बाजूचे आणि मागचे स्नायू थकतात आणि मांडीचे हाड आत फिरते. मुलींमध्ये हे थोडे जास्त आढळते. गुडघा मुख्यतः बिजागरासारखा पुढे-मागे वाकणारा सांधा आहे. दार वाकडे ओढत राहिले तर बिजागर कुरकुरणारच. यावर उपाय साधा आहे. गुडघा पायाच्या दुसऱ्या बोटाच्या रेषेत ठेवायचा. पंजाचे तीन टेकू, म्हणजे टाच, अंगठ्याचा बुंधा आणि करंगळीचा बुंधा, जमिनीला घट्ट धरायचे. समोर मित्राला उभे करायचे किंवा मोबाइल विटेला टेकवून चित्रण करायचे. ज्या बैठकीला गुडघा आत आला, ती त्या फेरीतली शेवटची. शंभर ठरवल्या होत्या आणि छत्तिसाव्याला गुडघा आत आला, तर फेरी छत्तीसची. पोरांना हे पचत नाही, कारण पैज शंभराची असते. पण उरलेल्या चौसष्ट बैठकांत ताकद कमी वाढते आणि चुकीची सवय जास्त पक्की होते.

आता त्या नियमाबद्दल बोलू, जो जिमच्या भिंतीपासून मोबाइलच्या पडद्यापर्यंत सगळीकडे सापडतो: गुडघा पंजाच्या पुढे जाता कामा नये. हा नियम सरसकट लावणे चूक आहे. अमेरिकेतल्या फ्राय आणि सहकाऱ्यांनी २००३ मध्ये एक छोटा पण बोलका प्रयोग प्रसिद्ध केला. वजनाचा सराव असलेल्या सात पुरुषांना त्यांनी दोन प्रकारे स्क्वॉट मारायला लावले. एकदा गुडघे हवे तसे पुढे जाऊ दिले, एकदा पायांपुढे फळी उभी करून ते अडवले. गुडघे अडवल्यावर गुडघ्यावरचा पीळ साधारण पाचव्या हिश्शाने कमी झाला, पण कुल्ह्यावरचा दहा पटींहून अधिक वाढला, कारण अडवलेला माणूस पुढे वाकला. म्हणजे गुडघ्याचे थोडे ओझे वाचवण्यासाठी कुल्हा आणि कंबर वेठीला धरले गेले. सात जणांचा प्रयोग म्हणजे शेवटचा शब्द नव्हे, पण शरीराचे गणित त्यातून दिसते. ज्यांच्या मांड्या लांब आहेत, त्यांचे गुडघे खोल बसताना पंजापुढे जाणारच. घाटावर कपडे धुणाऱ्या बाईला, शेकोटीशी बसलेल्या म्हाताऱ्याला, कुणीही कधी पंजाची रेषा आखून दिली नव्हती.

खोल बसल्याने गुडघा सैल होतो, ही भीतीही आयात केलेली आहे. टेक्सास विद्यापीठातल्या कार्ल क्लाईन यांनी १९६१ मध्ये असा निष्कर्ष मांडला की खोल बैठकांनी गुडघ्याचे अस्थिबंध ढिले पडतात. तो इतका गाजला की पुढे कित्येक वर्षे प्रशिक्षक खेळाडूंना अर्ध्यातूनच परत आणू लागले. नंतरच्या तपासण्यांत, उदाहरणार्थ १९७१ मधल्या मायर्स यांच्या अभ्यासात, तसे ढिलेपण आढळले नाही. २०१३ मध्ये हार्टमान आणि सहकाऱ्यांनी उपलब्ध संशोधनाचा आढावा घेतला आणि नीट शिकून, हळूहळू वजन वाढवून मारलेली खोल बैठक निरोगी गुडघ्याला जास्त घातक असल्याचा पुरावा नाही, असे म्हटले. वाटीच्या मागचा दाब साधारण काटकोनाच्या आसपास सर्वाधिक असतो. त्याहून खाली गेल्यावर मांडीचा कंडरा हाडाला टेकून दाबाचा काही भार वाटून घेतो. गंमत म्हणजे जड वजन घेऊन काटकोनात थांबणे आणि तिथून परत फिरणे, हे ज्याला 'सुरक्षित' म्हणतात तेच गुडघ्याला बरेच कष्टाचे असते. 'निरोगी गुडघा' आणि 'नीट शिकून' हे दोन शब्द मात्र कुणी गाळू नयेत.

कंबरेची गोष्ट वेगळी. खाली जाता जाता एका जागी माकडहाड आत वळते आणि कंबर गोल होते. नुसते उकिडवे बसलेल्या माणसाची कंबर गोलच असते आणि त्यात काही बिघडत नाही. पाठीवर वजन असताना मात्र ही गोलाई टाळावी. तिची जागा प्रत्येकाची वेगळी, कारण कुल्ह्याच्या खोबणीची घडण प्रत्येकाची वेगळी. म्हणून 'मांडी जमिनीला समांतर आलीच पाहिजे' हाही दगडावरचा नियम नाही. बाजूने चित्रण करा, कंबर जिथे गोल व्हायला लागते त्याच्या चार बोटे वर थांबा, वजनाची बैठक तेवढीच. बाकी खोली हळूहळू मिळते. पुढे झुकणे हाही सरसकट दोष नाही. लांब मांडीचा माणूस बुटक्या मांडीच्या माणसापेक्षा जास्त झुकणार. पाठ आणि नडगी बाजूने बघताना जवळपास समांतर दिसत असतील तर काळजी नको.

खांद्यावरचा मित्र उतरवल्यावर वजन कुठले घ्यायचे, हा प्रश्न उरतो. सिमेंटची गोणी ५० किलोंची असते, शिकाऊ माणसासाठी तीही नको. माझे मत कळशीच्या बाजूने आहे. स्टीलची कळशी निम्मी भरायची, दोन्ही हातांनी छातीशी धरायची आणि बैठक मारायची. वजन पुढे असल्यामुळे शरीर आपोआप ताठ राहते, टाचांवर भार येतो आणि कोपरे गुडघ्यांच्या आतून खाली गेली की गुडघे बाहेर राहतात. जिममधले लोक हेच डंबेल छातीशी धरून करतात. कळशीचा फायदा म्हणजे पाणी हिंदकळते. धपकन खाली बसलात, खालून उसळी घेतलीत, की छातीवर पाणी. दोन ते तीन सेकंदांत खाली, क्षणभर थांबा, मग वर. खाली जाताना श्वास आत, वर येताना बाहेर. जड वजनाचे पैलवान श्वास रोखतात हे खरे, पण रक्तदाब असलेल्यांनी त्यांचे बघून श्वास रोखू नये. आठ-आठच्या तीन फेऱ्या पाणी न सांडता जमल्या की कळशी थोडी अधिक भरायची. आठवड्यातून दोन-तीन दिवस पुरे. स्नायू व्यायामाने मोडतात आणि विश्रांतीत बांधले जातात.

भरतीच्या मुलांना इथे एक हिशेब सांगायला हवा. शारीरिक चाचणी ५० गुणांची असते. पुरुषांना १६०० मीटर धावणे, १०० मीटर धावणे आणि गोळाफेक. महिलांना १६०० ऐवजी ८०० मीटर. बैठकांना गुण नाहीत. मग त्या कशाला मारायच्या? १०० मीटरची सुरुवात आणि ७.२६ किलोंचा गोळा हे दोन्ही मांडी-कुल्ह्याच्या स्फोटक ताकदीवर चालतात. गोळा हाताने फेकला जातो असे वाटते, पण जोर जमिनीतून पायांवाटे येतो. ही ताकद थोड्या, नीट, वजनाच्या बैठकांनी येते. रोज पाचशे बैठकांनी येतो तो दम, आणि दमासाठी धावणे आधीच चालू असते. १६०० मीटरच्या सरावाच्या दिवशीच पाचशे बैठका मारणारा मुलगा एकाच बैलाला दोन गाड्यांना जुंपतो.

आता त्या मुलाच्या आईकडे येऊ, कारण गावातल्या बहुतेक बैठका तीच मारते. सोयाबीन-कपाशीत निंदणाच्या दिवसांत बाया तासन्‌तास उकिडव्या सरकत असतात. कापूस वेचताना कमरेला ओटी बांधून दिवसभर वाकलेल्या असतात. इथे संशोधन आपल्याला सावध करते. बीजिंगमधल्या वृद्धांच्या २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत, तरुणपणी रोज तीन तास किंवा अधिक उकिडवे बसलेल्यांमध्ये गुडघ्याच्या झिजेचे प्रमाण अर्ध्या तासाहून कमी बसणाऱ्यांच्या मानाने दुपटीच्या आसपास आढळले. हे आणि वरचे हार्टमान यांचे निष्कर्ष एकमेकांना खोडत नाहीत. गुडघ्याच्या कूर्चेला स्वतःचा रक्तपुरवठा नसतो. दाब येणे आणि सुटणे यातून तिला सांध्यातल्या द्रवाचे पोषण मिळते. खाली-वर होण्यात ही ये-जा असते, तासन्‌तास दुमडून बसण्यात ती थांबते. म्हणून निंदणाऱ्या बाईला 'बसू नका' म्हणण्यापेक्षा दर पंधरा-वीस मिनिटांनी उभे राहून दहा पावले चालायला सांगावे, बसायला हाताएवढ्या उंचीचा लाकडी ठोकळा वा पाट द्यावा, जिथे ओळी सरळ आहेत तिथे उभ्याने चालवायचे हातकोळपे घ्यावे. हे मजुरी देणाऱ्याच्या परवानगीशिवाय होत नाही, हेही उघड आहे. बाईने दर वीस मिनिटांनी उभे राहणे म्हणजे कामचुकारपणा, असे बांधावरून ओरडणारा शेतकरी हा माझ्या मते तिच्या गुडघेदुखीतला एक घटक आहे.

घरात मात्र बसण्या-उठण्याचा सराव सुटू देऊ नये. साठीनंतर माणूस परावलंबी होतो तो बहुधा अशाच कुठल्यातरी साध्या गोष्टीपाशी: संडासातून उठता येत नाही, देवापुढे बसले की हात द्यावा लागतो. रिओ दी जानेरोत ५१ ते ८० वयाच्या २००२ जणांना कमीत कमी आधार घेऊन जमिनीवर बसायला आणि उठायला सांगून गुण दिले गेले आणि मग काही वर्षे त्यांच्यावर लक्ष ठेवले. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात सर्वांत कमी गुण मिळालेल्यांत मृत्यूचे प्रमाण सर्वाधिक गुणवाल्यांच्या पाच पटींहून अधिक होते. उठता न येणे हे मृत्यूचे कारण असते असा याचा अर्थ नाही. ताकद, तोल आणि एकूण तब्येत यांचा तो आरसा असतो. पण ताकद आणि तोल सरावाने सुधारतात, आणि हे आपल्या हातात आहे.

सुरुवात बाजेपासून करावी. बाज भिंतीला टेकवून ठेवा म्हणजे सरकणार नाही. पाय कुल्ह्याएवढे अंतर ठेवून, हात छातीवर बांधून, सावकाश बसा. ढुंगण टेकले न टेकले की उठा. हात लागत असेल तर सुरुवातीला लागू द्या. अमेरिकेत वृद्धांची पडण्याची जोखीम तपासताना १७ इंच उंच खुर्चीवरून तीस सेकंदांत किती वेळा उठता येते ते मोजतात. ६० ते ६४ वयाच्या बाईला १२ पेक्षा आणि पुरुषाला १४ पेक्षा कमी जमले तर पायांची ताकद कमी धरतात. आपली बाज याहून बुटकी असेल तर उठणे अवघड जाणारच, तेव्हा आकड्याने खचू नका. एका दमात दहा जमू लागल्या की थोड्या खालच्या स्टुलावरून, मग पाटावरून. गुडघा सुजलेला, गरम किंवा अडकत असेल, रात्री झोपेत दुखत असेल, किंवा गुडघ्याचा सांधा बदललेला असेल, तर हे डॉक्टर किंवा फिजिओथेरपिस्टला विचारूनच. सेवाग्राम आणि सावंगी ही दोन मोठी रुग्णालये जिल्ह्यातच आहेत, हे आपले भाग्य. व्यायामावेळी हलके दुखणे आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ते पूर्वीसारखे होणे, इतपत चालते. दुसऱ्या दिवशी दुखणे वाढले तर उंची वाढवा, संख्या घटवा.

मोजण्याच्या वेडाचा आणखी एक प्रकार आहे आणि त्याबद्दल मला राग आहे. शाळेतल्या उठाबशा. ज्या हालचालीवर म्हातारपणचा स्वाभिमान अवलंबून आहे ती आपण लहानपणी शिक्षा म्हणून शिकवतो. नोव्हेंबर २०२५ मध्ये वसईत शाळेत उशिरा आल्याबद्दल एका मुलीला दप्तर पाठीवर घेऊन शंभर उठाबशा काढायला लावल्याचा आरोप झाला. त्यानंतर काही दिवसांतच ती दगावली. त्या मृत्यूचे नेमके कारण ठरवणे तपासाचे काम आहे. पण शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ ने शारीरिक शिक्षेला २०१० पासूनच बंदी आहे, आणि तरी 'उठाबशा म्हणजे काही मारणे नव्हे' असे म्हणणारे शिक्षक आणि पालक दोन्ही भेटतात.

सराव नसलेल्याने एकदम शेकडो बैठका मारणे धोक्याचेच आहे, मग ती शिक्षा असो की पैज. मांडीचे स्नायू मोठ्या प्रमाणावर फुटतात, त्यातले द्रव्य रक्तात उतरते आणि मूत्रपिंडे तुंबू शकतात. वैद्यकात याला ऱ्हॅब्डोमायोलिसिस म्हणतात. विदर्भाच्या उन्हाळ्यात, घामाने शरीर सुकलेले असताना हा धोका वाढतो. व्यायामानंतर एक ते तीन दिवस मांड्या ठणकणे नेहमीचे आहे. पण मांड्या टणक सुजल्या, पाय उचलवेना आणि लघवी कोऱ्या चहासारखी काळपट झाली, तर हळद-तेल चोळत घरी बसू नये. त्याच दिवशी रुग्णालयात जावे आणि किती बैठका मारल्या तो आकडा डॉक्टरांना न लाजता सांगावा. तपासणी रक्ताची असते, वेळेत सलाइन मिळाले तर बहुतेक जण बरे होतात.

राहिला प्रश्न शिकवायचे कुणी. जिम तालुक्याला आहे, वस्ताद दुर्मिळ आहे. पण गावोगावच्या उपकेंद्रांचे आता आयुष्मान आरोग्य मंदिर झाले आहे आणि तिथे योगाचे वर्ग घेणे हे कामात धरलेले आहे. त्या वर्गात बाजेवरून उठण्याचा सराव घालायला वेगळा निधी लागत नाही. आशाताई घरोघरी जातातच. म्हाताऱ्या माणसाला तीस सेकंदांत किती उठता येते ते त्या बघू शकतील, अर्थात आणखी एक रजिस्टर त्यांच्या माथी न मारता. आणि भरतीच्या मुलांसाठी, आधी भरती होऊन गेलेला गावातला पोलीस किंवा जवान सुट्टीवर आला की त्याने रविवारी सकाळी तासभर धरणाच्या रस्त्यावर उभे राहावे. मोजणीचे काम पोरे करतातच, त्याने फक्त टाचा आणि गुडघे बघावेत.